करार नाही, म्हणजे काय?

(संघटनेच्या वार्षिक कार्यकर्ता शिबिरात केलेल्या भाषणाचे शब्दांकन)

मघाशी चहाच्या वेळी आपल्यातल्याच एका ताईंनी मला विचारले, "अगं, इथे रेशनचे तांदूळ मिळवताना बाया मेटाकुटीला आल्यात, आणि तू आम्हांला साहेबाच्या देशाची भानगड काय सांगणार?" प्रश्न रास्त आहे. मी काही अर्थशास्त्रज्ञ नाही. एम.एस.डब्ल्यू. झाल्यापासून गेली दहा-अकरा वर्षे दक्षिण गोव्यात एका कुटुंब सल्ला केंद्रात काम करते. मारहाण, पोटगी, मुलांचा ताबा, हेच माझे रोजचे काम. ब्रिटनचा युरोपीय संघाशी झालेला काडीमोड माझ्या टेबलावर आला तोही एका केसमधूनच. म्हणून त्या केसपासून सुरुवात करते.

२०१९ चा पावसाळा होता. सासष्टीतल्या एका गावातून साठीच्या पुढची एक आई केंद्रात आली. छत्री दाराशी टेकवली, खुर्चीवर बसली आणि नावगाव सांगण्याआधीच तिने विचारले, "बाय, नो डील म्हळ्यार किदें गो?"

तिची मुलगी इंग्लंडात स्विंडनला होती. तिथे गोव्याची माणसे पुष्कळ. १९ डिसेंबर १९६१ पूर्वी गोव्यात जन्मलेल्यांना आणि त्यांच्या मुला-नातवंडांना पोर्तुगालचे नागरिकत्व नोंदवता येते. पोर्तुगाल १९८६ साली युरोपीय समुदायात गेला, तेव्हापासून त्या पासपोर्टाची किंमत वाढली. लिस्बनच्या दप्तरात नाव लागले की युरोपात कुठेही नोकरी करता येई, म्हणून आमची मुले लंडनमधल्या साउथॉल, हाउन्स्लोला, नाहीतर स्विंडनला गोदामांत आणि कारखान्यांत लागली. या मुलीच्या नवऱ्याकडे पोर्तुगीज पासपोर्ट होता. तिचा स्वतःचा भारतीयच. ती तिथे राहत होती ती 'युरोपीय नागरिकाची पत्नी' या कार्डावर. सहा वर्षे एका गोदामात रात्रपाळी करत होती. घरभाड्याचा करार नवऱ्याच्या नावावर, विजेचे बिल नवऱ्याच्या नावावर. नवरा मारहाण करून वेगळा राहायला गेला होता आणि जाताना बजावून गेला होता, "३१ ऑक्टोबरला नो डील होणार. तुझे कार्ड रद्द. तुला गोव्याला पाठवतील, पोरे माझ्याकडे राहतील."

मी त्या आईला म्हटले, "घाबरू नका. एवढे मोठे सरकार, असे काही करणार नाही."

तिने माझ्याकडे पाहिले आणि शांतपणे विचारले, "तुका कोणें सांगलें?"

मला उत्तर नव्हते. धीर देण्याच्या सवयीने मी बोलून गेले होते. त्या रात्री मी वाचायला बसले. पुढचे सगळे त्या बाईच्या प्रश्नामुळे शिकले आहे.

आधी हकिगत थोडक्यात सांगते. २३ जून २०१६ रोजी ब्रिटनमध्ये सार्वमत झाले. ५१.९ टक्के लोकांनी युरोपीय संघातून बाहेर पडण्याच्या बाजूने मत दिले, ४८.१ टक्क्यांनी विरोधात. कसे बाहेर पडायचे, हे मतपत्रिकेवर नव्हते. २९ मार्च २०१७ ला थेरेसा मे यांच्या सरकारने युरोपीय कराराच्या कलम ५० खाली नोटीस दिली. हे कलम नीट लक्षात ठेवा. नोटिशीपासून दोन वर्षांत उभयपक्षी करार झाला नाही आणि मुदतही वाढवून मिळाली नाही, तर सगळे युरोपीय करार त्या देशापुरते आपोआप संपतात. कोणी काही करण्याची गरज नाही. मध्यरात्री घड्याळाचा काटा पुढे सरकतो आणि चाळीस-पंचेचाळीस वर्षांचे संबंध तुटतात. याला म्हणायचे 'नो डील'.

मे बाईंनी १७ जानेवारी २०१७ च्या भाषणात एक वाक्य म्हटले होते, ते पुढे घोषणाच झाले : वाईट करारापेक्षा करार नसलेला बरा. त्यांनी स्वतः आणलेला करार संसदेने १५ जानेवारी २०१९ ला ४३२ विरुद्ध २०२ मतांनी फेटाळला. मार्चमध्ये आणखी दोनदा फेटाळला. १३ मार्चला संसदेने कराराशिवाय बाहेर पडायलाही ३२१ विरुद्ध २७८ मतांनी नकार दिला. म्हणजे हा करार नको आणि करारावाचूनही नको. पण दुसऱ्या नकाराला कायद्याचे बळ नव्हते. संसदेने नको म्हटले तरी कलम ५० चा काटा चालूच होता.

आता मी माझ्या टेबलावर परत येते. त्या काळात ब्रिटनची वर्तमानपत्रे, मंत्री, सगळे या प्रकाराला 'घटस्फोट' म्हणत. युरोपीय संघाला देणे असलेल्या सुमारे ३,९०० कोटी पौंडांना तर 'घटस्फोटाचे बिल' असेच नाव पडले. घटस्फोट रोज पाहणारी बाई म्हणून मला या उपमेबद्दल बोलायचा थोडाफार अधिकार आहे.

'वाईट करारापेक्षा करार नसलेला बरा' हे वाक्य आमच्या केंद्रात नेहमी ऐकू येते. कधी ते खरेही असते. जी बाई मार खाऊन अंगावरच्या कपड्यांनिशी बाहेर पडते, तिला मी "थांब, आधी लेखी कर" असे सांगणार नाही. जीव वाचवणे पहिले. तिच्या तोंडी ते वाक्य म्हणजे धैर्य आहे. पण तेच वाक्य नवऱ्याच्या तोंडूनही येते. "काही लिहूनबिहून देणार नाही. जायचे तर जा." घर त्याच्या नावावर, जमीन त्याच्या नावावर, पगार त्याच्या हातात. करार झाला नाही तर त्याचे काहीच जात नाही. म्हणून मी नव्या कार्यकर्त्यांना सांगते, वाक्य काय आहे हे नंतर पाहा. ते कोण म्हणते आहे आणि त्याच्या नावावर काय आहे, हे आधी पाहा.

आणखी एक. आमच्या गोव्यात लग्नाआधी वेगळा करारनामा केला नसेल, तर नागरी कायद्याप्रमाणे नवरा-बायकोची मालमत्ता सामाईक धरली जाते. कागदावर तरी निम्मा वाटा बाईचा. प्रत्यक्षात तो मिळवताना तिच्या चपला झिजतात, ते वेगळे. म्हणजे आमच्याकडे 'करार नाही' याचा अर्थ 'काहीच नाही' असा होत नाही. मागे कायदा उभा असतो आणि तो बाईला अर्धा वाटा देतो. महाराष्ट्रातल्या बहिणींची अशी स्थिती नाही. तिथे घर सोडणाऱ्या बाईमागे सामाईक मालमत्तेचा असा कायदा नाही, तिला पोटगीसाठी कोर्टाची पायरी चढावी लागते. तेव्हा प्रश्न असा विचारायचा : करार झाला नाही, तर मागे काय उभे आहे? आणि ते कोणाच्या सोयीचे आहे?

ब्रिटनच्या मागे काय उभे होते, ते सरकारच्याच कागदात लिहिलेले होते. 'ऑपरेशन यलोहॅमर' नावाचा तो कागद. २ ऑगस्ट २०१९ ची तारीख असलेला हा दस्तऐवज संसदेने भाग पाडल्यावर ११ सप्टेंबरला सरकारने जाहीर केला. त्यात म्हटले होते की खाडीपलीकडून येणाऱ्या मालट्रक दीड ते अडीच दिवस अडकून पडू शकतील. देशात येणाऱ्या औषधांपैकी तीन चतुर्थांश त्याच वाटेने येतात. अन्न आणि इंधन महागले तर कमी उत्पन्नाच्या लोकांना त्याची झळ अधिक बसेल. आणि म्हाताऱ्या, अपंग माणसांची देखभाल करणाऱ्या संस्थांपैकी लहान संस्था दोन-तीन महिन्यांत, मोठ्या चार-सहा महिन्यांत कोलमडू शकतील.

हा शेवटचा मुद्दा वाचून मी थांबले. इंग्लंडमध्ये हे देखभालीचे काम करणाऱ्या पाच जणांत सुमारे चार बायका असतात. संस्था बंद पडली तर त्यांची नोकरी जाते. पण म्हातारा माणूस कुठे जात नाही. त्याला उठवायचे, न्हाऊ घालायचे, भरवायचे, हे कोणीतरी करावेच लागते. ती कोणीतरी म्हणजे मुलगी, सून, बायको. पगारी काम संपले की तेच काम बिनपगारी होऊन घरात येते. कागदात 'संस्था कोलमडतील' असे लिहून वाक्य संपते. आपल्याला त्याच्या पुढचे वाक्य ठाऊक आहे.

सरकारने औषध कंपन्यांना सहा आठवड्यांचा जादा साठा करायला सांगितले होते आणि लोकांना सांगितले होते की तुम्ही घरी साठा करू नका. ब्रिटनला लागणारे इन्सुलिन जवळजवळ सगळे बाहेरून येते. स्वतः मे बाई रोज इन्सुलिन घेणाऱ्या. पण आई असलेल्या बाईचा विचार करा. मुलाला मधुमेह आहे, सरकार म्हणते साठा करू नका, टीव्ही म्हणतो ट्रक अडकतील. ती काय करेल? ती औषधाच्या बाटल्या मोजेल. ज्या वादाला पुरुष 'सार्वभौमत्व' म्हणत होते, तो वाद तिच्या फ्रिजमध्ये येऊन बसला होता.

हा वाद करत कोण होते? पंतप्रधान बाई होत्या हे खरे. पण बाहेर पडण्याच्या खात्याचे तिन्ही मंत्री पुरुष होते. सार्वमताच्या आधीच, मे २०१६ मध्ये, मजूर पक्षाच्या हॅरिएट हार्मन यांनी तक्रार केली होती की या चर्चेतून बायकांना वगळले जात आहे. ज्या बायका बोलत होत्या त्यांना काय सोसावे लागले, तेही सांगते. सार्वमताच्या एक आठवडा आधी, १६ जून २०१६ रोजी, मजूर पक्षाच्या खासदार जो कॉक्स यांचा भर रस्त्यात खून झाला. तीन वर्षांनी, २५ सप्टेंबर २०१९ ला, खासदार पॉला शेरिफ यांनी सभागृहात विनंती केली की 'शरणागती'सारखे शब्द वापरू नका, आम्हांला रोज जिवे मारण्याच्या धमक्या येतात आणि त्यात हेच शब्द असतात. तेव्हाचे पंतप्रधान बोरिस जॉन्सन यांनी त्याला 'हंबग', म्हणजे थोतांड, म्हटले. त्या वर्षी डिसेंबरच्या निवडणुकीला काही बायका उभ्याच राहिल्या नाहीत आणि शिवीगाळ, धमक्या हे कारण त्यांनी उघड सांगितले. तरी त्या निवडणुकीत २२० बायका निवडून आल्या. तोवरचा तो उच्चांक होता.

आणि बायका करार करत नाहीत असे नाही. उत्तर आयर्लंडमध्ये तीस वर्षांत साडेतीन हजारांच्या आसपास माणसे मारली गेली. तिथे १९९६ साली मोनिका मॅकविल्यम्स, पर्ल सेगर आणि त्यांच्या मैत्रिणींनी 'विमेन्स कोअलिशन' नावाचा पक्ष काढला. कॅथलिक आणि प्रोटेस्टंट बायका एकत्र. थोड्या आठवड्यांत उमेदवार उभे करून त्यांनी वाटाघाटींच्या टेबलावर दोन खुर्च्या मिळवल्या. तिथे त्यांची टिंगल झाली, अपमान झाले, त्या उठून गेल्या नाहीत. १० एप्रिल १९९८ च्या करारात हिंसेच्या बळींचा, मुलांच्या एकत्र शाळांचा विचार आला, त्यात त्यांचा वाटा होता. त्या करारामुळे दोन आयर्लंडांमधली सुमारे ५०० किलोमीटरची सीमा नकाशावरच उरली. बाया रोज कामाला, बाजाराला, माहेरी तिकडून इकडे जात. कराराशिवाय बाहेर पडणे म्हणजे त्या सीमेवर पुन्हा जकातनाकी उभी राहण्याची भीती. बायकांनी वर्षानुवर्षे बसून विणलेले काही पुरुष एका घोषणेत उसवायला निघाले होते.

पण एकच बाजू सांगून मी तुमची दिशाभूल करणार नाही. युरोपीय संघ म्हणजे काही बायकांचे माहेर नव्हे. ब्रिटनमधला समान वेतनाचा कायदा १९७० साली आला तो युरोपने दिला नाही. १९६८ साली डॅगनमच्या फोर्ड कारखान्यात शिवणयंत्रांवर काम करणाऱ्या बायकांनी संप केला, त्यातून तो आला. ब्रिटन तेव्हा युरोपीय समुदायात नव्हताही. सॅनिटरी पॅडवरचा पाच टक्के कर तर युरोपच्या नियमामुळे रद्द करता येत नव्हता. तो १ जानेवारी २०२१ ला, बाहेर पडल्यावर रद्द झाला. उलट 'समान मोलाच्या कामाला समान वेतन' हे तत्त्व ब्रिटनने १९८३ साली कायद्यात घातले ते युरोपीय न्यायालयात हरल्यावर. बाहेर पडायला मत देणाऱ्या लाखो बायका होत्या. बंद पडलेल्या कारखान्यांच्या गावांत त्यांचे कोणी ऐकलेच नव्हते. त्यांना अडाणी म्हणणे मला मान्य नाही. घर सोडायचे की नाही, हा ज्याचा त्याचा निर्णय. माझे म्हणणे घर कसे सोडायचे याबद्दल आहे.

आता त्या मुलीकडे येते. युरोपीय संघाच्या २००४ च्या निर्देशात एक कलम आहे. युरोपीय नागरिकाशी लग्न झालेल्या परदेशी बाईचा घटस्फोट झाला आणि लग्न किमान तीन वर्षे टिकले असेल, त्यातले एक वर्ष त्या देशात गेले असेल, तर तिचा राहण्याचा हक्क जात नाही. घरात हिंसा झाली असेल तर तीन वर्षांची अटही आड येत नाही. आणि नुसते वेगळे राहिल्याने तर ती पत्नी असल्याचे मिटतच नाही. म्हणजे नवरा धादांत खोटे बोलत होता. पण हे सगळे युरोपीय कायद्याच्या आधाराने. करार झाला असता तर ही हमी आंतरराष्ट्रीय तहात येणार होती, सरकारविरुद्ध अपिलाचा हक्क मिळणार होता, अर्जाला ३० जून २०२१ पर्यंत मुदत होती. कराराशिवाय सरकारने शब्द दिला होता की राहणाऱ्यांना राहू देऊ, मात्र मुदत ३१ डिसेंबर २०२० आणि अपील नाही. शब्द होता, पण तो स्वतःच्याच नियमांतला. नियम करणारा नियम बदलू शकतो. त्याच ऑगस्टमध्ये गृहखात्याने सांगितले की ३१ ऑक्टोबरलाच मुक्त संचार बंद होईल आणि थोड्याच दिवसांत ते मागे घेतले. नवऱ्याची धमकी आणि सरकारची घोषणा एकाच महिन्यात, एकाच तारखेची.

त्याआधी फेब्रुवारीत अल्बर्टो कोस्टा या हुजूर पक्षाच्या खासदाराने दुरुस्ती मांडली होती की करार होवो न होवो, माणसांचे हक्क तरी बाजूला काढून सुरक्षित करा. संसदेने ती मतदानावाचून मान्य केली, पण ती मांडल्याबद्दल कोस्टांना सरकारातले आपले पद सोडावे लागले. युरोपीय संघानेही करार तोडून त्यातला एकच भाग वेगळा करायला नकार दिला. मुलांचा ताबा हत्यार म्हणून वापरणारे दोन्ही पालक मी पाहिले आहेत.

दुसऱ्या दिवशी मी त्या आईला फोन केला. म्हटले, "मी काल तुम्हांला उगाच धीर दिला. आता कागद शोधू या." घरात एक पत्र्याची ट्रंक होती. त्यात लग्नाच्या नोंदणीचा दाखला होता आणि मुलीला नवऱ्याकडे पाठवताना जोडलेली नवऱ्याच्या पासपोर्टाची झेरॉक्स होती. आईने ती जपून ठेवली होती. तिकडे मुलीच्या नावावर भाडेकरार नव्हता, पण सहा वर्षांच्या पगाराची नोंद होती, तिचा स्वतःचा विमा क्रमांक होता. ब्रिटनचे गृहखाते अर्ज तपासताना कराची नोंद पाहते. रात्रपाळीचे ते काम नवऱ्याला 'जोडधंदा' वाटत होते. तिचा हक्क शेवटी त्याच कामाने सिद्ध केला. शाळेतले मुलांचे पत्र आणि डॉक्टरचे पत्र तिने जोडले. तिथल्या स्त्रियांच्या एका मदत केंद्राने अर्ज भरायला हात दिला. पुढच्या वर्षी तिला कायम राहण्याचा हक्क मिळाला. मुले तिच्याजवळ आहेत.

पुढे काय झाले तेही सांगते. सप्टेंबर २०१९ मध्ये संसदेने कायदाच केला की करार नसेल तर पंतप्रधानांनी मुदतवाढ मागितली पाहिजे. संसद स्थगित करण्याचा डाव सर्वोच्च न्यायालयाने २४ सप्टेंबरला एकमताने बेकायदा ठरवला. निकाल वाचणाऱ्या न्यायालयाच्या अध्यक्ष लेडी हेल, आणि दाद मागणाऱ्यांत पुढे होत्या जीना मिलर. ब्रिटन ३१ जानेवारी २०२० ला बाहेर पडला, पण करार करून. व्यापाराचा करार २४ डिसेंबर २०२० ला, मुदत संपायला आठवडा असताना झाला. 'नो डील' झालेच नाही. म्हणून आज कोणी म्हणेल, उगाच आरडाओरड झाली. मी म्हणते, आरडाओरड झाली, संसदेत बाया उभ्या राहिल्या, कोर्टात गेल्या, म्हणून झाले नाही. हुंडाबळी टळला की शेजारी म्हणतात, काही होणारच नव्हते.

मैत्रिणींनो, आपल्याकडेही 'करारबिरार काही नको, आमच्या शब्दावर विश्वास ठेवा' असे म्हणणारे पुष्कळ आहेत. घरात आहेत, गावात आहेत, कारखान्याच्या गेटवर आहेत. त्यांना विचारायचे तीन प्रश्न त्या आईने मला शिकवले. हे कोण म्हणते आहे आणि त्याच्या नावावर काय आहे? करार झाला नाही तर मागे काय उभे आहे? आणि तिसरा तिच्याच शब्दांत : तुला कोणी सांगितले?

हा तिसरा प्रश्न आपल्यालाही लागू आहे. समोर बसलेल्या बाईला धीर देताना आपल्या हातात कागद आहे की नुसताच शब्द, हे आपण तपासायला हवे. मी तेव्हा तपासले नव्हते. त्या दिवशी ती बाई गप्प बसून परत गेली असती, तर तिची मुलगी आज कुठे असती, याचा विचार माझ्या मनातून अजून जात नाही.

एवढेच. जेवणापूर्वी अर्धा तास आहे. आता तुम्ही बोला.